झोपल्यावर १६०, उभे राहिल्यावर १००: कंपवातातील चक्कर, लघवी आणि पोट यांचे काय करावे?

आपण लिहिले आहे की आपले बाबा ७१ वर्षांचे आहेत, चार वर्षांपासून त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स आहे, आणि गेल्या तीन महिन्यांत ते सकाळी देवपूजेच्या पाटावरून उठताना दोनदा पडले. रात्री अंथरुणावर बीपी मोजले तर १६०/९० येते, म्हणून जवळच्या डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागते, त्यासाठी प्रोस्टेटची गोळी चालू आहे. पोट तीन-तीन दिवस साफ होत नाही. कंपवाताची गोळी घेतली की तासाभरात ‘घबराहट’ होते, म्हणून काकांचे म्हणणे आहे की तीच गोळी बंद करावी. शेवटी आपण विचारले आहे की हा कंपवातच आहे की दुसरे काही.

मी इंदूरमध्ये मेंदूविकारांचे रुग्ण पाहतो, आणि आपल्यासारखी हकीकत मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळते. ‘घबराहट’ हा शब्द इथल्या मराठी घरांतही इतका रुळला आहे की त्याखाली नक्की काय दडले आहे हे मला प्रत्येक वेळी उलगडून विचारावे लागते: डोळ्यांसमोर अंधारी येते का, मान आणि खांदे दुखून येतात का, पाय गळून जातात का, की खरोखरच छातीत धडधडते? पहिल्या तीन प्रश्नांना ‘हो’ असे उत्तर आले तर मी आधी रक्तदाब उभे करून मोजतो. बाबांना प्रत्यक्ष न पाहता निदान करता येत नाही, आणि खाली जे लिहितो आहे त्यातले बरेचसे त्यांचे हृदय, मूत्रपिंड आणि साखर यांच्या स्थितीवर अवलंबून आहे. तरीही आपण चार निरनिराळ्या म्हणून मांडलेल्या तक्रारी बहुधा एकाच ठिकाणाहून निघालेल्या आहेत, आणि त्यांच्यावर चार जणांकडून घेतलेले चार उपचार एकमेकांना छेद देत आहेत, असे मला वाटते.

आपण उठून उभे राहतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाने सुमारे ५०० ते ८०० मिलिलीटर रक्त पोटात आणि पायांत उतरते. निरोगी माणसाला ते कळतही नाही, कारण मानेतील मोठ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत बसवलेले दाबाचे पहारेकरी क्षणात मेंदूच्या बुंध्याला वर्दी देतात, आणि तिथून निघालेल्या नसा रक्तवाहिन्या आवळून व नाडी वाढवून दाब सावरतात. हे सारे आपल्या इच्छेविना चालते, म्हणून या व्यवस्थेला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. आतड्यांची हालचाल, मूत्राशयाचे भरणे-रिकामे होणे, घाम, लैंगिक क्रिया हीही तिचीच कामे आहेत.

कंपवात म्हणजे हात थरथरणे, ही समजूत मुळातच अपुरी आहे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले, त्यातही मंदावलेली आतडी आणि तोंडातून गळणारी लाळ यांची नोंद आहे. पुढे १९१२ मध्ये फ्रिट्झ लेवी यांना रुग्णांच्या मेंदूतील पेशींत जे गोळे दिसले (त्यांनाच लेवी पिंड म्हणतात), ते अल्फा-सिन्यूक्लीन नावाच्या प्रथिनाचे आहेत हे विसाव्या शतकाच्या अखेरीस कळले. हेच प्रथिन आतड्यांच्या भिंतीतील मज्जाजाळ्यात, पोटाला चालवणाऱ्या व्हेगस नसेच्या केंद्रात आणि हृदयाला जाणाऱ्या बारीक नसांतही साचते. २००३ मध्ये जर्मनीतील हाइको ब्राक आणि सहकाऱ्यांनी असे मांडले की अनेक रुग्णांत त्याची सुरुवात मेंदूच्या खालच्या भागातून होते आणि हालचालींचे केंद्र नंतर सापडते. प्रत्येक रुग्णात हाच क्रम असतो असे नाही, पण बद्धकोष्ठता हात थरथरण्याच्या दहा वर्षे किंवा त्याहूनही आधी सुरू झालेली असू शकते, हे मी रोज पाहतो. बाबांना विचारून पहा; पोटाची तक्रार चार वर्षांपेक्षा जुनी निघाली तर मला नवल वाटणार नाही.

आता बीपीचे कोडे. उभे राहिल्यावर दाब पडणे आणि आडवे झाल्यावर चढणे या दोन परस्परविरुद्ध गोष्टी वाटतात, म्हणूनच घरचे लोक गोंधळतात आणि कधीकधी डॉक्टरही. ज्या नसा उभे राहिल्यावर वाहिन्या आवळत नाहीत, त्याच आडवे झाल्यावर दाब आवरूही शकत नाहीत. बाबा रात्री सपाट झोपतात तेव्हा दिवसभर पायांत उतरलेले रक्त आणि पाणी छातीकडे परतते, दाब वाढतो, आणि वाढलेला दाब पाहून मूत्रपिंडे मीठ व पाणी बाहेर टाकू लागतात. त्यामुळे रात्री लघवी भरपूर होते आणि पहाटेपर्यंत शरीरातला द्रव कमी झालेला असतो. अशा कोरड्या अवस्थेत बाबा सकाळी उठतात, पाटावर बसतात, आणि उठताना अंधारी येते. रात्रीचे १६०, रात्रीची लघवी आणि सकाळची चक्कर ही या एकाच चक्राची तीन टोके असण्याची शक्यता मोठी आहे. रात्रीचा आकडा पाहून बीपीची गोळी वाढवणे आणि लघवीसाठी प्रोस्टेटची गोळी देणे, दोन्ही सद्भावनेने झाले असले तरी, सकाळच्या पडण्याला हातभार लावत असतील.

हा तर्क खरा की खोटा हे मोजून ठरवता येते, आणि ते काम आपण घरीच करू शकता. दंडाला बांधायचे स्वयंचलित यंत्र घ्या, मनगटाचे नको. बाबांना पाच मिनिटे सपाट झोपवा आणि दाब व नाडी लिहा. मग त्यांना उभे करा, कुणीतरी कमरेला धरून राहा, पलंग मागेच असू द्या, आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असावा, लोंबकळत नसावा, कारण खाली सोडलेल्या हातात आकडा खोटा वाढलेला दिसतो. उभे राहवतच नसेल तर पाय खाली सोडून बसवून मोजा आणि तसे नोंदवा. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा किमान २० ने किंवा खालचा किमान १० ने उतरला तर त्याला उभे राहिल्यावर होणारी रक्तदाबाची घसरण म्हणतात. ज्यांचा आडवे असतानाचा दाबच चढलेला आहे त्यांच्यात मी ३० ची घसरण अर्थपूर्ण मानतो. काहींमध्ये घसरण उशिरा, दहा मिनिटांपर्यंत होते. आरतीच्या शेवटी पडणारे रुग्ण बहुधा या गटातले असतात.

नाडी लिहायला विसरू नका, कारण निम्मे निदान तिच्यात आहे. समजा झोपून १५८/८८ आणि नाडी ६८, तर तीन मिनिटांनी १०२/६० आणि नाडी ७४ आली. वरचा दाब ५६ ने पडला, पण नाडी फक्त ६ ने वाढली. जुलाबाने किंवा उन्हाने कोरड्या पडलेल्या माणसाची नाडी अशा वेळी धाडकन वाढते; इथे ती जवळजवळ जागची हलली नाही, म्हणजे दाब सावरणारी नसांची व्यवस्थाच नीट चालत नाही. नाडीतील वाढीला दाबातील घसरणीने भागून ०.५ पेक्षा कमी उत्तर आले तर दोष नसांचा समजावा. वरच्या उदाहरणात ते ०.१ च्या आसपास आहे. बाबा नाडी मंदावणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेत असतील किंवा त्यांना पेसमेकर असेल तर हा हिशोब लागू पडत नाही. मधुमेहही याच नसा खराब करतो, आणि रक्तक्षय किंवा बी-१२ ची कमतरता असेल तर चक्कर वाढते. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता मला वारंवार सापडते, म्हणून ती तपासणी मी पहिल्याच भेटीत लिहितो.

घसरण सिद्ध झाली की लगेच नवे औषध लिहावे असे मी मानत नाही. मी आधी घरातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडायला सांगतो आणि काय काढता येईल ते पाहतो. आपल्या यादीतील बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर लघवीवाटे पाणी काढणारे औषध मिसळलेले आहे. ज्याच्या अंगात सकाळी आधीच पाणी कमी आहे त्याला ते नको. प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन मूत्रमार्गाचा स्नायू सैल करते, पण थोड्या प्रमाणात रक्तवाहिन्याही सैल करते. ॲम्लोडिपिन असेल तर लक्षात घ्या की ते शरीरातून निम्मे होण्यासच ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे रात्रीच्या दाबासाठी घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत काम करत राहते. छातीदुखीची नायट्रेट, झोपेसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलीन आणि कंपवातातील प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल हीही संशयितांच्या यादीत असतात. यातले काहीही आपल्या मनाने बंद करू नये, कारण कुठली गोळी हृदयासाठी दिली आहे आणि कुठली निव्वळ आकड्यासाठी, हे डॉक्टरांनाच ठरवता येते. पण नोंदी घेऊन गेलात तर त्यांचा निर्णय सोपा होतो.

दोन औषधांविषयी मला वेगळे सांगायचे आहे. थरथर कमी व्हावी म्हणून वर्षानुवर्षे ट्रायहेक्सिफेनिडिल दिले जाते. सत्तरीच्या माणसात ते बद्धकोष्ठता वाढवते, लघवी अडकवते आणि बुद्धीवर धुके आणते. मी ते हळूहळू उतरवून काढतो, एकदम नाही. आणि आम्लपित्ताच्या म्हणून मिळणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड मिसळलेले असते. ते आणि मळमळीवरचे मेटोक्लोप्रमाइड डोपामिनचे, म्हणजे कंपवातात मेंदूत कमी पडणाऱ्या रसायनाचे, दार अडवतात, म्हणजे कंपवात वाढवतात. चक्करेवर सर्रास दिल्या जाणाऱ्या सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन यांचेही तसेच आहे. चक्कर येते म्हणून चक्करेची गोळी घेतली आणि महिन्याभरात हातपाय जड झाले, असे रुग्ण मी इतके पाहिले आहेत की पट्टीची मागची बाजू वाचणे ही माझी सवयच झाली आहे.

आता काकांच्या सल्ल्याविषयी. लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताची मुख्य गोळी, दाब थोडा उतरवते हे खरे आहे, म्हणून त्यांचे निरीक्षण चुकीचे नाही. निष्कर्ष मात्र धोक्याचा आहे. ही गोळी एकदम थांबवली तर अंग लाकडासारखे ताठ होणे, तीव्र ताप चढणे आणि शुद्ध हरपणे अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. शिवाय औषधाविना बाबा हलणार नाहीत आणि न हलणाऱ्या माणसाचा दाब आणखी बिघडतो. मी असे सांगतो की गोळी पाणी पिऊन घ्यावी, नंतरचा तासभर बसून काढावा, आणि तेवढ्याने भागत नसेल तर डॉक्टरांनी एकेक मात्रा लहान करून वेळा वाढवाव्यात.

बिनऔषधी उपायांत सर्वांत स्वस्त उपाय विटांचा आहे. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घालून ती बाजू सहा ते नऊ इंच उचला. नुसत्या दोन उशा वाढवून मान वाकते, धड वर होत नाही, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. धड तिरके राहिले की रात्रीचा दाब थोडा उतरतो, मूत्रपिंडे कमी पाणी टाकतात आणि सकाळ सुसह्य होते. पहिले दोन-तीन दिवस बाबा खाली घसरतो अशी कुरकुर करतील. पायथ्याशी लोड लावा. दिवसाही त्यांना सपाट आडवे होऊ देऊ नका, आरामखुर्चीत बसू द्या.

सकाळी उठण्यापूर्वी अंथरुणावरच बसून दोन ग्लास, म्हणजे अर्धा लिटर साधे पाणी पाच मिनिटांच्या आत प्यायला द्या. एवढ्या पाण्याने अशा रुग्णांचा दाब अर्ध्या तासात बराच वर येतो आणि तासभर टिकतो. मात्र गिळताना ठसका लागत असेल किंवा हृदय कमकुवत असेल तर आधी विचारा. संध्याकाळी सहानंतर पाणी कमी करत आणावे. मिठाच्या बाबतीत माझी पंचाईत होते. ज्या माणसाला वीस वर्षे सगळ्यांनी शेव कमी खा म्हणून बजावले, त्याला मी थोडे मीठ वाढवा म्हणतो तेव्हा तो बायकोकडे विजयी मुद्रेने पाहतो. हृदय आणि मूत्रपिंड धड असतील तरच ही सवलत आहे, आणि तीही दिवसा. अळणी उपवासाचे दिवस मात्र अशा रुग्णांनी सोडून द्यावेत.

जेवणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण याच ठिकाणी मी एकदा चुकलो होतो. अनेक वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येत असत. ते दर रविवारी, आणि फक्त रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास कोसळत. मला आधी अपस्माराची शंका आली, मेंदूचा आलेख काढला, तो निर्दोष निघाला. मग त्यांच्या पत्नीने सहज सांगितले की रविवारी पोहे-जिलबी खाल्ल्याशिवाय ते उठत नाहीत, आणि गोळीही त्याच वेळी घेतात. जेवल्यावर रक्त आतड्यांकडे वळते. निरोगी शरीर बाकीच्या वाहिन्या आवळून त्याची भरपाई करते, पण या रुग्णांत जेवणानंतर दोन तासांपर्यंत दाब खाली राहू शकतो. गोड आणि पिठूळ जेवण जितके मोठे तितकी घसरण मोठी. सकाळची कोरडी वेळ, साखर, गोळी आणि लगेच उठून चालू लागणे, असा चौफेर योग त्यांच्या रविवारी जुळून येत होता. जिलबी संध्याकाळवर ढकलली, तीही एकच वेढा, आणि कोसळणे थांबले. आपल्याकडचे दाल-बाफले तुपात बुडवून दुपारी चार खाल्ले तर हाच प्रकार होतो. म्हणून थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा खावे, आणि जेवणानंतर अर्धा-पाऊण तास बसून राहावे. गंमत अशी की झोपण्यापूर्वीचा छोटा पिष्टमय खाऊ रात्रीचा चढलेला दाब थोडा उतरवतो, म्हणून तिथे तो चालतो.

पाटावरून उठणे हे खाली बसलेल्या अवस्थेतून एकदम उभे राहणे आहे. यासारखी कठीण परीक्षा या आजारात दुसरी नाही. देवघरात खुर्ची ठेवा. भारतीय पद्धतीच्या संडासाचेही तेच, तिथे कमोड आणि भिंतीला धरायला दांडी हवी. कढत पाण्याची आंघोळ वाहिन्या पसरवते, तेव्हा पाणी कोमट असावे, स्टुलावर बसून अंग धुवावे आणि दाराला आतून कडी नसावी; दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान यंदा उशिरा आणि कोमट पाण्याने करा. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो तेव्हा दाबाची औषधे पुन्हा तपासून घ्यावी लागतात. सकाळची बागेतली फेरी संध्याकाळी न्यावी. अंधारी येऊ लागली की मांडीवर मांडी आवळून उभे राहणे, नितंब आणि मांड्या घट्ट करणे, नाहीतर सरळ खाली बसणे, हे बाबांना आधीच सराव करून शिकवा. पायमोजे पोटरीपर्यंतचे असतील तर फारसा उपयोग होत नाही, कारण बरेचसे रक्त पोटात साठते. त्यापेक्षा उठण्यापूर्वी पोटाला बांधायचा लवचीक पट्टा बरा. आडवे होताना तो काढायचा.

एवढे करून भागले नाही तरच मी औषधाकडे वळतो. मिडोड्रिन वाहिन्या आवळते, २.५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दिवसातून तीनदा देतात, पण शेवटची मात्रा झोपण्याच्या किमान चार तास आधी, नाहीतर रात्रीचा दाब भलताच चढतो. डोक्याच्या कातडीला मुंग्या येणे आणि अंगावर शहारे येणे हे त्याचे ओळखीचे परिणाम आहेत, घाबरू नये. फ्लुड्रोकॉर्टिसोन मीठ-पाणी धरून ठेवते. पायांवर सूज येते आणि पोटॅशियम उतरू शकते, म्हणून रक्ततपासणी हवी. ड्रॉक्सिडोपा हे दाब चढवणारे तिसरे औषध जपानमध्ये १९८९ पासून आणि अमेरिकेत २०१४ पासून वापरात आहे. मी आकडा सुंदर दिसावा यासाठी औषध देत नाही; उभे राहून साधारण ९०/६० च्या वर दाब टिकतो आहे, बाबा पूजा आटोपून न पडता उठतात आणि आंघोळ करू शकतात, एवढे साधले की मी थांबतो. रात्रीचा दाब १८०/११० च्या पुढे जात असेल तर झोपताना कमी काळ टिकणारे औषध द्यावे लागते. ते ठरवताना मात्र रात्री लघवीला उठताना पडण्याचा धोका तोलावा लागतो. आज पडून खुबा मोडण्याचा धोका आणि काही वर्षांनी हृदयावर होणारा परिणाम यांत, ७१ व्या वर्षी, मी बहुतेक वेळा आधी खुब्याची काळजी करतो.

पोटाकडे मात्र मी पहिल्याच दिवशी लक्ष देतो, कारण तीन दिवसांची बद्धकोष्ठता एकाच वेळी तीन गोष्टी बिघडवते. कुंथताना छातीतील दाब वाढून हृदयाकडे येणारे रक्त कमी होते आणि नसांकडून भरपाई नसल्याने रुग्ण संडासातच कोसळतो. भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते. आणि लेव्होडोपा लहान आतड्यात शोषली जाते, त्यामुळे जठरच मंद असेल तर गोळी तिथे पोहोचतच नाही आणि ‘गोळी लागत नाही’ अशी तक्रार येते. गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी, डाळ-दूध-पनीर यांच्याबरोबर घेऊ नये, कारण प्रथिने आतड्यातल्या त्याच वाटेने जातात. आपल्या माळव्यातल्या नीमच-मंदसौरकडचे इसबगोल घरोघरी असते. पण त्यावर भरपूर पाणी प्यायले नाही तर त्याचा गोळा होऊन आतडे आणखी अडते. मंद आतड्यांसाठी मला मॅक्रोगोलची पूड अधिक भरवशाची वाटते: एक पुडी पाण्यात विरघळवून रोज, पोट साफ झाले तरी न थांबवता.

लघवीसाठी प्रोस्टेटची गोळी चालू ठेवण्यापूर्वी सोनोग्राफी करून लघवीनंतर मूत्राशयात किती शिल्लक राहते ते पाहावे. कंपवातात बहुधा मूत्राशय चिडखोर होते, थोडे भरले तरी घाई करते, आणि शिल्लक फारशी राहत नाही. अशा वेळी मिराबेग्रॉन देता येते, मात्र तेही रक्तदाब चढवू शकते, म्हणून रात्रीचा आकडा पाहूनच. ऑक्सिब्युटिनिन मेंदूत शिरून गोंधळ वाढवते, म्हणून वृद्धांत मी टाळतो. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया सुचवली गेली असेल तर आधी मेंदूविकारतज्ज्ञांचे मत घ्या. पलंगाशेजारी लघवीचे भांडे ठेवले की रात्रीच्या चार फेऱ्या आपोआप वाचतात.

‘दुसरे काही तर नाही ना’ ही आपली शंका रास्त आहे. मल्टिपल सिस्टम ॲट्रॉफी नावाचा भाऊबंद आजार आहे. त्याच्या रक्तदाबाच्या बाजूचे वर्णन शाय आणि ड्रेगर यांनी १९६० मध्ये केले आणि आजचे नाव त्याला १९६९ मध्ये मिळाले. तिथेही अल्फा-सिन्यूक्लीनच साचते, पण मज्जापेशींऐवजी त्यांना वेष्टण पुरवणाऱ्या आधारपेशींत. रक्तदाबाची घसरण किंवा लघवीचा ताबा सुटणे थरथरीच्या आधी किंवा पहिल्या वर्षा-दोन वर्षांत ठळक होणे, लघवीनंतर १०० मिलिलीटरहून अधिक शिल्लक राहणे, लेव्होडोपाचा फारसा गुण न येणे, चाल लवकर डगमगणे, मान पुढे झुकून राहणे आणि झोपेत श्वास आत घेताना कर्कश आवाज येणे, यांतले दोन-तीन दिसले तर मी सावध होतो. शेवटचे लक्षण घोरणे समजून सोडून देऊ नका, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून दाखवा. घरी करण्यासारखी एक साधी चाचणी आहे: डोळे मिटून हिंग किंवा कॉफी ओळखायला सांगा. कंपवातात वास बहुधा गेलेला असतो, या दुसऱ्या आजारात तो साधारण शाबूत असतो. एमआरआयने काही वेळा मदत होते. बाबांना सुरुवातीची दोन-तीन वर्षे गोळीचा चांगला गुण आला होता असे आपण लिहिले आहे. ते कंपवाताच्या बाजूने बोलते. नसलेली माणसे दिसणे आणि दिवसागणिक भान कमी-जास्त होणे असेल तर लेवी पिंडांचा स्मृतिभ्रंश ध्यानात घ्यावा. अशा रुग्णाला हॅलोपेरिडॉल कधीही देऊ नये. आणि उभे राहून दाब पडतच नसेल, तरी बाबा मागच्या मागे पडत असतील, तर पडण्याचे कारण रक्तदाबात नाही. तो तोलाचा प्रश्न आहे आणि त्याची तपासणी वेगळी.

लाळ गळते ती जास्त तयार होते म्हणून नव्हे, गिळणे मंदावते म्हणून. गिळण्याचा व्यायाम आणि गरज पडल्यास बोट्युलिनमचे इंजेक्शन उपयोगी पडते. रात्री घामाने कपडे भिजत असतील तर तो बहुधा औषधाचा अंमल ओसरण्याच्या वेळी येतो, ती वेळ टिपून ठेवा. लैंगिक तक्रारी बाबा मुलीला सांगणार नाहीत, तेव्हा डॉक्टरांशी त्यांना पाच मिनिटे एकटे बोलू द्या. त्यासाठी कुणी सिल्डेनाफिल सुचवले तर आधी उभ्याचा रक्तदाब दाखवा.

थोडक्यात क्रम असा: आधी सात दिवस झोपून-उभे राहून मोजणे, मग काढता येतील त्या गोळ्या डॉक्टरांकरवी काढणे, त्याच सुमारास विटा, पाणी, पोट आणि पाटाऐवजी खुर्ची, आणि त्यानंतरही गरज उरली तर मिडोड्रिनसारखे औषध. डोक्याला मार लागला आणि बाबा रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असतील, लघवी पूर्ण अडली, किंवा पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, तर मात्र या क्रमाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

नोंदी तीन वेळांच्या असाव्यात: सकाळी चहा-गोळीपूर्वी, दुपारच्या जेवणानंतर तासाभराने, आणि रात्री झोपताना. प्रत्येक नोंदीशेजारी शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहा, आणि भेटीच्या दिवशी जुने कागद राहिले तरी चालतील, पण घरातल्या सगळ्या पट्ट्या, आम्लपित्ताच्या आणि चक्करेच्यासुद्धा, एका पिशवीत घालून घेऊन जा.